हिवाळ्याआधी उभे राहिलेले घर : अलास्कातील ट्विन लेक्सच्या काठचा एक प्रकरण अभ्यास

अलास्काच्या नैर्ऋत्य भागात, साठ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, डोंगररांगांच्या कुशीत ट्विन लेक्स हे जोडतलाव आहेत. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या निम्म्याहूनही कमी. पण अक्षांशामुळे हिवाळा असा, की पारा उणे ४० अंशांच्या आसपास उतरतो. या आकड्याला फॅरेनहाइट की सेल्सिअस असे विचारावे लागत नाही, कारण दोन्ही मापे नेमकी तिथेच एक होतात. तलावापर्यंत रस्ता तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पाण्यावर किंवा बर्फावर उतरणारे छोटे विमान हाच जाण्यायेण्याचा मार्ग. वरच्या तलावाच्या दक्षिण काठावर १९६८ मध्ये रिचर्ड प्रेनेकी या माणसाने एकट्याने, हातहत्यारांनी ओंडक्यांचे घर बांधले आणि अधूनमधूनच्या गैरहजेरी वगळता पुढची सुमारे तीस वर्षे तो तिथे राहिला.

या घराविषयी लिहिताना बहुतेकजण एकाकीपणाचे आणि निसर्गाशी दिलेल्या झुंजीचे वर्णन करतात. बांधकामाच्या नजरेने पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते. थंडीशी झुंजण्याची वेळ शक्यतो येऊच नये, अशा रीतीने कामांचा क्रम लावलेला होता. हिवाळ्यात राहायचे घर हिवाळ्यात बांधता येत नाही, ही गोष्ट त्या माणसाला पुरती ठाऊक होती. प्रस्तुत अभ्यासाचा विषय तो क्रम, त्यामागची कारणे आणि जिथे हिशेब थोडा चुकला ती जागा, एवढाच आहे.

माणूस आणि त्याची तयारी

प्रेनेकी यांचा जन्म ४ मे १९१६ रोजी आयोवा राज्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात सुतार होते. तिथे संधिवाताच्या तापाने त्यांना महिनोन्‌महिने रुग्णालयात काढावे लागले. पुढे त्यांनी डिझेल इंजिनांचे काम शिकून घेतले आणि अलास्कातील कोडियाक येथे अवजड यंत्रे चालवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम अनेक वर्षे केले. ट्विन लेक्सला ते काही पहिल्यांदा जात नव्हते. नौदलातून निवृत्त झालेल्या एका मित्राचे छोटे घर त्याच काठावर होते आणि तिथे राहून त्यांनी तो परिसर आधी पाहिलेला होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी शहर सोडून रानात गेलेला हौशी माणूस, असे त्यांचे चित्र कुणी रंगवत असेल तर ते चूक आहे. सुतारकाम, यंत्रकाम आणि ती विशिष्ट जागा या तिन्ही गोष्टी हाताखालून गेल्यावरच त्यांनी कुऱ्हाड उचलली.

घर १९६८ चे म्हटले जाते, पण त्याचे खरे काम १९६७ च्या उन्हाळ्यात सुरू झाले. त्या वर्षी त्यांनी लागतील तेवढी स्प्रूसची (थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष) झाडे तोडली, त्यांच्या साली काढल्या आणि ते ओंडके काठावर रचून ठेवले. मग ते निघून गेले आणि एक अख्खा हिवाळा त्यांनी लाकडाला दिला. २१ मे १९६८ रोजी ते परत आले तेव्हा लाकूड त्यांची वाट पाहत होते.

ओल्या लाकडाचा हिशेब

या एका वर्षाच्या अंतराचे मोल समजण्यासाठी लाकूड कसे आक्रसते ते पाहावे लागेल. ताजे तोडलेले स्प्रूस पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण आठ टक्के, गाभ्यापासून सालीकडे चार ते पाच टक्के आणि लांबीच्या दिशेने जेमतेम एक दशांश टक्का आक्रसते. आपल्याकडच्या घरात खांब उभे असतात, त्यामुळे लाकूड वाळले तरी उंचीत फरक पडत नाही. ओंडक्यांच्या भिंतीत मात्र लाकूड आडवे एकावर एक रचलेले असते, म्हणून प्रत्येक ओंडका बारीक झाला की त्याच प्रमाणात भिंत खाली बसते. ओल्या ओंडक्यांची भिंत पुढच्या काही वर्षांत साधारण सहा टक्के खाली येते, असे या कामातले जाणकार धरून चालतात. सात फूट उंचीच्या भिंतीसाठी हा फरक पाच इंचांचा होतो. दाराची चौकट मात्र उभी असल्यामुळे तेवढीच राहते. परिणाम असा, की वरचे ओंडके चौकटीवर टेकतात, बाकीची भिंत खाली सरकते, मधल्या फटी उघडतात आणि ऐन हिवाळ्यात त्यांतून वारा शिरू लागतो.

एका वर्षात अखंड ओंडका पूर्ण वाळत नाही हे खरे. पण साल काढलेला, जमिनीपासून वर ठेवलेला ओंडका पहिल्या वर्षात त्याचे बरेचसे पाणी टाकून देतो. उन्हाळ्यात, झाडात रस चढलेला असताना साल सहज सुटते हाही एक फायदा. थंडीत तोडलेल्या झाडाची साल अक्षरशः खरवडावी लागते, शिवाय गोठलेल्या लाकडावर कुऱ्हाडीच्या धारेचे कपचे उडतात. झाडे उन्हाळ्यात तोडण्यामागे सोय आणि शास्त्र दोन्ही होते.

आपल्याकडे कोकणात मृगाच्या आत शाकारणी उरकली नाही तर पुढे काय होते, ते कोणाला सांगावे लागत नाही. ट्विन लेक्सला मृगाच्या जागी पहिला कडाक्याचा गारठा आहे, इतकाच फरक. मात्र शाकारणीला उशीर झाला तर घर गळते. इथे उशीर झाला तर माणूस जगत नाही.

पाया : माती नको, खडी हवी

जागेची निवड हा या प्रकरणातला सर्वांत कमी चर्चिलेला आणि माझ्या मते सर्वांत चांगला निर्णय आहे. काठाजवळच्या जमिनीवरचा शेवाळ आणि मुळांचा थर काढून प्रेनेकी खालच्या खडीपर्यंत गेले आणि तळाचे ओंडके त्या खडीवर बसवले. काढलेला शेवाळ फेकला नाही, तो छपरासाठी राखून ठेवला.

थंड प्रदेशातली घरे वाकडी होतात ती बहुधा जमिनीच्या उचल खाण्यामुळे. बारीक कणांच्या ओल्या मातीत गारठा खाली उतरू लागला की खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते आणि गोठणाऱ्या थराशी बर्फाच्या चकत्या तयार होतात. त्या वाढत जातात तशी जमीन वर उचलली जाते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. वसंतात बर्फ वितळला की जमीन पुन्हा बसते. घराचा एक कोपरा दरवर्षी असा वरखाली होऊ लागला की ओंडक्यांच्या खाचा सुटतात आणि दार अडकू लागते. यासाठी थंडी, पाणी आणि बारीक माती या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. थंडी टाळता येत नाही, तलावाकाठी पाणीही टाळता येत नाही. उरते ती माती. खडीत पाणी वर चढत नाही, ते झिरपून जाते. जमिनीखाली खोल पाया खणण्याचे श्रम न करताही घर पन्नास वर्षांहून अधिक काळ उभे आहे, याचे निम्मे श्रेय त्या खडीला द्यावे लागेल.

भिंती : एक खाच जवळून

हत्यारे आणताना त्यांनी अनेकांच्या मुठी आणल्याच नाहीत. विमानात जागा आणि वजन दोन्ही मोजून मिळतात, म्हणून लोखंडी पाती तेवढी आणली आणि मुठी तिथल्याच लाकडाच्या घडवल्या. कुऱ्हाड, करवती, गिरमिट, पटाशी, रंधा, कानस, दोन मुठींची ओढसुरी आणि करणी, एवढ्यावर घर झाले. लागणाऱ्या फळ्याही हातकरवतीने ओंडका उभा चिरून काढलेल्या होत्या.

कोपऱ्यावरची एक खाच कशी होते ते पाहिले म्हणजे भिंतीचे काम समजते. नवा ओंडका आधी खालच्या ओंडक्यांवर आडवा ठेवायचा. दोन्हींमधल्या अंतराएवढे कर्कटक उघडायचे. त्याचे एक टोक खालच्या ओंडक्याच्या पाठीवरून फिरवायचे, म्हणजे दुसरे टोक वरच्या ओंडक्याच्या पोटावर तीच वळणे ओरखडत जाते. खालच्या ओंडक्याची गाठ, फुगवटा, वाकडेपणा सगळे जसेच्या तसे वर उतरते. मग ओंडका पालथा करून त्या रेषेच्या आतले लाकूड कुऱ्हाडीने आणि पटाशीने काढायचे आणि पुन्हा जागेवर बसवून पाहायचे. खाच घोड्याच्या खोगिरासारखी खालच्या ओंडक्यावर बसते. ती नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात घ्यायची, खालच्याच्या पाठीत कधीही नाही, कारण पाठीत घेतलेली खाच म्हणजे पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी साठवणारी वाटीच होते आणि लाकूड तिथूनच कुजू लागते. ही रीत प्रेनेकींनी शोधलेली नाही, ओंडक्यांची घरे बांधणाऱ्या लोकांची ती जुनीच रीत आहे. पण एकट्या माणसाने प्रत्येक ओंडका दोन-दोन, तीन-तीनदा चढवून उतरवून ती पाळणे हे चिकाटीचे काम होते. ओंडक्यांमध्ये शेवाळ दाबला गेला आणि उरलेल्या फटींत होड्यांच्या फळ्यांमधल्या सांधी बुजवायला वापरतात तसा डांबरी काथ्या ठोकला गेला.

घराचे आतले माप सुमारे ११ फूट बाय १५ फूट, म्हणजे १६५ चौरस फूट. मुंबईकर वाचकाला हे माप परके वाटू नये, कारण बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते. फरक इतकाच की इथे राहणारा एकच होता आणि बाहेर हजारो चौरस किलोमीटर मोकळे होते. तरीही त्यांनी घर मोठे केले नाही, आणि त्यामागे लाकडाचा हिशेब आहे.

हा हिशेब मी ढोबळमानाने मांडून पाहिला. पंधरा सेंटीमीटर जाडीची स्प्रूसची भिंत, उंची सात फूट, आत १० अंश सेल्सिअस आणि बाहेर उणे ४० असे गृहीत धरले, तर फक्त चार भिंतींतून सुमारे १.२ किलोवॉट उष्णता सतत बाहेर जाते. बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड साधारण एवढ्याच क्षमतेचा असतो. म्हणजे एक रॉड दिवसरात्र चालू ठेवायचा, तोही छप्पर, जमीन, खिडक्या आणि फटी न मोजता. घराची लांबी-रुंदी दुप्पट केली असती तर भिंतींतून जाणारी उष्णता दुप्पट आणि छपरातून जाणारी चौपट झाली असती, आणि ती भरून काढायला लागणारे लाकूड तोडणारे हात दोनच राहिले असते.

छप्पर आणि दार

भिंतींवर आढे आणि त्याला समांतर तुळया, त्यांवर बारीक वाशांची सलग बिछायत, त्यावर डांबरी कागद, मग पॉलिथिनचा कागद आणि सर्वांत वर तो राखून ठेवलेला शेवाळ. पाणी अडवण्याचे काम कागदांचे, ऊब धरण्याचे काम शेवाळाचे. हिवाळ्यात त्यावर भुसभुशीत बर्फ साचला की त्याचाही एक पांघरुणासारखा थर होतो, कारण अशा बर्फात अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. उघड्या पॉलिथिनचा उन्हाने चुरा होतो. शेवाळाखाली ते झाकलेले असल्याने टिकते. जुने आणि नवे यांची इतकी समंजस सांगड फार थोड्या बांधकामांत दिसते.

दार आडवे दुभागलेले आहे, म्हणजे वरचा अर्धा भाग वेगळा उघडता येतो. बिजागऱ्या लाकडाच्या, कुलूपही लाकडाचेच. यात कारागिरीची हौस आहे हे नाकारता येत नाही, पण उणे ४० मध्ये भिंतीच्या आरपार गेलेला प्रत्येक लोखंडी तुकडा आतल्या बाजूला दव आणि हिमाचा थर धरतो आणि उघड्या हाताला चिकटतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. वर्षानुवर्षे राहताना त्यांनी इंधनाचे रिकामे पत्र्याचे डबे कापून तसराळी, तवे, भांडी केली. आपल्याकडे एके काळी रॉकेलच्या डब्यातून बादलीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सगळे होत असे, तीच जात.

शेकोटी : जिथे हिशेब चुकला

छप्पर झाल्यावर त्यांनी दगडी शेकोटी आणि धुराडे हाती घेतले. दगड काठावरचे, सिमेंट विमानातून आलेले. कष्टाने सांधलेल्या भिंतीचे ओंडके शेकोटीसाठी कापून भोक पाडावे लागले. हे काम उन्हाळा सरण्याआधी उरकणे भाग होते. ताज्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मसाल्यातले पाणी गोठले तर त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, आतली अजून कच्ची जडणघडण फुटते आणि नंतर कितीही ऊन मिळाले तरी गेलेली ताकद परत येत नाही. ती निम्म्यापर्यंतही घटू शकते. म्हणून तापमान पाच अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर उघड्यावर असे काम काढू नये, असा बांधकामातला साधा दंडक आहे. प्रेनेकींनी तो पाळला.

वेळ साधली, निवड मात्र मला पटत नाही. उघडी शेकोटी दिसायला देखणी, पण ऊब देण्यात कंजूष असते. तिच्यातल्या लाकडाच्या उष्णतेपैकी खोलीला साधारण दहा-पंधरा टक्केच मिळते, बाकीची धुराड्यातून आभाळात जाते. वर, जळण्यासाठी ती खोलीतलीच हवा ओढते आणि ती भरून काढायला बाहेरची गोठवणारी हवा फटींतून आत येते. मघाचा १.२ किलोवॉटचा आकडा घेतला आणि वाळल्या लाकडातून किलोमागे सुमारे चार किलोवॉट-तास उष्णता मिळते असे धरले, तर बंद शेगडीत अगदी सगळी उष्णता वापरली गेली असती तर दिवसाला सात किलो लाकूड पुरले असते. उघड्या शेकोटीत तेवढ्याचसाठी पन्नास ते सत्तर किलो लागेल. इतके लाकूड रोज तोडणे, ओढणे, फोडणे एका माणसाला झेपणारे नाही. याचा अर्थ इतकाच, की कडाक्याच्या दिवसांत ते घर आपण ज्याला उबदार म्हणू तसे नसणार. पातळ पत्र्याची बंद शेगडी विमानातून आणता आली असती, आणि तिचे वजन सिमेंटच्या पोत्यांहून जास्त झाले नसते. शेकोटीच्या दगडांत साठलेली ऊब आग विझल्यावरही काही तास टिकते हा तिचा गुण मान्य केला, तरी हिशेब जुळत नाही.

दुसरी अडचण जागेचीच. घर दक्षिण काठावर, म्हणजे डोंगर पाठीशी दक्षिणेला. डिसेंबरमध्ये या अक्षांशावर दिवस मुळात सहा तासांहूनही लहान, सूर्य क्षितिजावर जेमतेम सहा अंश चढतो आणि डोंगर तेवढाही अडवतो. उत्तर काठावर घर असते तर हिवाळ्याच्या टोकांना तरी थोडे ऊन मिळाले असते. त्या काठावर खडीची अशी जागा, वाऱ्याचा आडोसा आणि जवळ लाकूड मिळाले असते का, हा प्रश्न अर्थातच वेगळा. बांधणाऱ्याने सगळे एकत्र तोलले असणार.

‘एकट्याने’ या शब्दाविषयी

ओंडके उचलणारे, खाचा घेणारे आणि दगड रचणारे हात एकाच माणसाचे होते, यात शंका नाही. पण या प्रकरणातून काही शिकायचे असेल तर बाकीची मदतही मोजली पाहिजे. घर उभे राहीपर्यंत ते मित्राच्या घरात राहिले, म्हणजे डोक्यावर छप्पर असताना छप्पर बांधत होते. पोर्ट ऑल्सवर्थ येथील वैमानिक बेब ऑल्सवर्थ हे अधूनमधून विमानाने धान्य, टपाल आणि सामान आणून देत. सिमेंट, डांबरी कागद आणि पॉलिथिन नसते तर छप्पर आणि धुराडे दोन्ही वेगळे झाले असते. यामुळे त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. उलट, कुठे स्वतःचे हात वापरायचे आणि कुठे दुसऱ्याचे विमान, हे ठरवण्यातच खरी समज होती. मित्राचे घर नसते तर तो उन्हाळा तंबूत गेला असता, पावसाचे दिवस वाया गेले असते आणि शेकोटीचा मसाला बहुधा गारठ्यात सापडला असता.

पुढील वर्षे

पहिल्या खेपेला ते सोळा महिने राहिले आणि १९६९ च्या शरदात निघून गेले. पुढचा हिवाळा घर रिकामे, आगीविना उभे राहिले. १९७० मध्ये ते परतले ते जवळपास कायमचेच. खांबांवर उभारलेले उंच कोठार, जळणाची शेड असे बांधकाम घराभोवती होत गेले. हवामान, प्राणी, तलावावरच्या बर्फाची जाडी यांच्या नोंदी ते नियमाने ठेवत आणि कामाचे चित्रीकरणही करत. त्यामुळेच या घराच्या प्रत्येक टप्प्याविषयी आज इतके सांगता येते.

दरम्यान भोवतालच्या जमिनीचा दर्जा बदलला. १९७८ मध्ये तो प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला आणि १९८० मध्ये लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९६७ मध्ये काठावरची झाडे तोडून घर बांधणे जसे शक्य झाले, तसे आज त्याच जागी कोणाला करता येणार नाही. १९९९ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, प्रेनेकी कॅलिफोर्नियात भावाकडे राहायला गेले. तिथेच २० एप्रिल २००३ रोजी त्यांचे निधन झाले. घर त्यांनी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्वाधीन केले आणि २००७ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. उन्हाळ्यात पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने लोक ते पाहायला जातात आणि त्याच लाकडी बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या दारातून आत शिरतात.